सीट सोडायची की नाही, ते झोप झाल्यावर ठरव

आदरणीय मॅडम,

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनची जेआर-वन, म्हणजे पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर (ज्युनिअर रेसिडेंट) आहे. चौथा महिना चालू आहे. मूळची वाशिम जिल्ह्यातली, बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, घराण्यात मी पहिली डॉक्टर. नीट-पीजीला मेडिसिन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले होते. आता आमच्या युनिटची इमर्जन्सी, म्हणजे तातडीचे पेशंट घ्यायची पाळी, आली की सकाळी आठला वॉर्डात शिरलेली मी दुसऱ्या दिवशी रात्री आठ-नऊला बाहेर पडते. आंघोळीला वेळ नाही, जेवण म्हणजे उभ्याने बिस्किटं. काही राहिलं की सिनिअर सगळ्या नातेवाइकांसमोर विचारतात, ‘तुला एमबीबीएस कोणी दिली?’ माझ्या वऱ्हाडी बोलण्याची नक्कल करतात. वरून ‘पनिशमेंट’: जादा इमर्जन्सी, रात्रभर वॉर्डात उभं राहायचं, सगळ्या युनिटच्या जेवणाचं बिल मी भरायचं. मागच्या आठवड्यात पहाटे चारला दोन पेशंटच्या सॅम्पलवरची लेबलं माझ्या हातून अदलाबदल झाली. सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. तेव्हापासून हात थरथरतो. माझी मैत्रीण रेडिओलॉजीला आहे, ती संध्याकाळी रूमवर असते. बाबा म्हणतात, तीन वर्षं बघता बघता जातील. सिनिअर म्हणतात, ज्युनिअर आले की सुटशील. कधी कधी वाटतं, सकाळी डोळे उघडूच नयेत. मी सीट सोडू का? की मीच कच्ची आहे?

– जेआर-वन, मेडिसिन

प्रिय जेआर-वन,

डोळे उघडूच नयेत, हे तू पत्राच्या शेवटाकडे घाईत लिहून टाकलं आहेस. मी तिथूनच सुरुवात करते. बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं, हे नाही.

ते नुसतं थकव्याचं बोलणं असेल किंवा त्याहून जास्त असेल. पत्रावरून मला ते कळत नाही. विषबाधेच्या पेशंटची तब्येत सावरली की शेजारी बसून, आवाज खाली आणून तू त्याला विचारतेस ना, जगू नये असं वाटतं का, किती वेळा वाटतं? तोच प्रश्न आज स्वतःला विचार. उत्तर ‘हो’कडे झुकत असेल तर पुढचं पत्र नंतर वाच. आधी रूममेटला सांग आणि आजच मानसोपचारतज्ज्ञाला भेट. आपल्याच कॉलेजच्या विभागात जायला संकोच वाटतो, कारण तिथला रेसिडेंट रात्री मेसमध्ये समोर बसतो. मग शहरातल्या बाहेरच्या डॉक्टरकडे जा. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे; चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

आणि असं वाटणारी तू एकटी नाहीस. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने २०२४ साली अहवाल दिला. पाच हजारांहून जास्त पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्यांची प्रश्नावली भरली होती, आणि त्यातल्या सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचा विचार मनात येऊन गेल्याचं नोंदवलं. हे सगळे कठीण परीक्षा पार करून आलेले. इतक्या जणांना कच्चं म्हणायचं असेल तर मग पक्कं कुणाला म्हणायचं, हे म्हणणाऱ्यांनीच सांगावं.

आता लेबलांकडे येऊ. तुझा खरा धीर तिथेच सुटला आहे, असं मला पत्र वाचताना वाटलं.

पहाटे चार म्हणजे तू वीस तास जागी होतीस, कदाचित जास्तच. १९९७ साली डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक छोटासा अभ्यास छापला. माणसांना जागं ठेवायचं, हाताडोळ्यांचा मेळ लागणारं एक काम द्यायचं, आणि दारू पाजलेल्या माणसांशी त्यांची तुलना करायची. सलग चोवीस तास जागा असलेला माणूस रक्तात ०.१० टक्के मद्य असलेल्या माणसाइतका घसरला. आपल्याकडे ०.०३ टक्क्यांच्या वर गाडी चालवली तर गुन्हा होतो. म्हणजे ज्या अवस्थेत तुला स्कूटी चालवू देणार नाहीत, त्याहून वाईट अवस्थेत तू पोटॅशियम लावत असतेस, क्रॉसमॅचचं (रक्त चढवण्याआधीच्या जुळणीचं) सॅम्पल काढत असतेस. २००४ साली बॉस्टनमधल्या अतिदक्षता विभागात इंटर्न डॉक्टरांवर झालेल्या अभ्यासात, चोवीस तासांहून लांब पाळ्या करणाऱ्यांच्या हातून गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या. तेही हुशारच होते, फक्त झोपलेले नव्हते.

याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर एखादा सिनिअर तीच तुझ्या तोंडावर मारेल. पुढे २०१६ आणि २०१९ साली अमेरिकेत मोठ्या तुलना झाल्या. पाळ्यांचे नियम जिथे सैल केले होते, त्या रुग्णालयांत मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. पण ‘सैल’ म्हणजे किती, ते बघ. दोन्हीकडे आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा कायम होती. तुझा आठवडा किती तासांचा होतो, तो एकदा मोजून पाहा.

त्या रात्रीतून एवढंच घे. रिकाम्या ट्यूबवर आधीच नावं टाकून ट्रे भरायची सवय सगळ्यांना असते, कारण वेळ वाचतो. ती आजपासून बंद. एका खाटेजवळ उभी राहा, ‘तुमचं नाव सांगा’ असं विचार (‘तुम्ही शांताबाई ना?’ असं नाही, गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो), रक्त काढ, तिथेच नाव लिही, मगच पुढची खाट. रक्तगट आणि क्रॉसमॅचची दोन सॅम्पलं कधीही एका हातात नकोत. पोटॅशियम, इन्सुलिन, हेपारिन लावताना मध्यरात्रीनंतर सिस्टरला मोठ्याने वाचून दाखव. ज्या सिस्टरने तुला वाचवलं, तिला ‘थँक्यू’ म्हणाली नसशील तर म्हण. वॉर्डात वीस-वीस वर्षं काढलेल्या इनचार्ज सिस्टरकडून पहिल्या वर्षाचा रेसिडेंट जेवढं शिकतो, तेवढं लेक्चरमध्ये शिकत नाही. अर्थात हे कुठलाच विभागप्रमुख भाषणात सांगणार नाही.

पोस्ट-इमर्जन्सीच्या दिवशी स्कूटीला हात लावायचा नाही. होस्टेल चार किलोमीटरवर असलं तरी रिक्षा. लांब पाळीनंतर घरी गाडी चालवत जाणाऱ्या इंटर्नना अपघात होण्याची शक्यता दुपटीहून जास्त असते, हेही मोजून झालेलं आहे.

आता तुझ्या मोठ्या प्रश्नाकडे. गेली कित्येक वर्षं मी मेडिसिनच्या रेसिडेंट मुलामुलींबरोबर राउंड घेतले, आता निवृत्त आहे. माझं म्हणणं असं, की तुझ्यासमोर दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून ठेवल्या आहेत आणि घ्यायचं तर सगळं घे, नाहीतर सीट सोड, असं तुला सांगितलं जातंय. एक गोष्ट म्हणजे काम, दुसरी छळ. पहिली तुला डॉक्टर बनवते. दुसरीने आजवर कुणाला काही शिकवल्याचं मी पाहिलेलं नाही. गाठोडं सोडव, मग काय टाकायचं ते ठरव.

कामाचं आधी.

जून-जुलैत पहाटे कुणीतरी शेतमजूर पोटात दुखतंय म्हणून कॅज्युअल्टीत येतो. घरात जमिनीवर झोपलेला होता. अंगावर चावल्याची खूण नाही, सूज नाही. इंटर्न अॅसिडिटीचं इंजेक्शन भरत असतो. तेवढ्यात तुझं लक्ष जातं, त्याच्या पापण्या जड झाल्यात, मान नीट उचलता येत नाही. मण्यार. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं आणि परीक्षेत चार पर्यायांतून निवडायचं असतं. पण त्या ओळीवरून त्या माणसापर्यंत पोहोचायला असे पाच-सहा पेशंट रात्री स्वतः पाहावे लागतात. घोणस चावलेल्याचं रक्त साध्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकं करून पाहायचं, गोठलंय का. कीटकनाशक प्यायलेल्या पोराजवळ बसून दर थोड्या मिनिटांनी छाती ऐकायची आणि छाती कोरडी होईपर्यंत अॅट्रोपिन वाढवत न्यायचं. हे दुपारी दोन ते चारच्या वर्गात येत नाही. रात्रीच येतं, कारण माणसं रात्रीच येतात.

महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचू चावलेल्या पेशंटांचं जे निरीक्षण केलं, ते १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन या औषधाच्या उपचारामुळे कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू खूप खाली आले. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला डॉक्टर, हाताशी साधनं जवळपास काही नाहीत. घाम, थंड पडलेले हातपाय, नाडी यांकडे लक्ष ठेवून पेशंटजवळ राहण्याची तयारी, एवढंच. मेडिसिन म्हणजे मूळात हेच. हे तुला आवडतं का, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर तुझ्याशिवाय कुणी देऊ शकत नाही.

पण तुझ्या छत्तीस तासांतलं असं काम किती? एखाद्या इमर्जन्सीला खिशात कागद ठेव आणि नुसत्या रेघा मार. पेशंट तपासला, निर्णय घेतला, हाताने काही केलं, ही एक बाजू. सॅम्पल घेऊन लॅबच्या रांगेत उभी राहिले, स्ट्रेचर शोधलं, मामा (वॉर्डबॉय) जागेवर नव्हते म्हणून पेशंटला एक्स-रेला मीच ढकलत नेलं, महात्मा फुले योजनेची प्रिऑथ (उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज) भरली, झेरॉक्स काढून आणली, चाळीस डिस्चार्ज कार्डं लिहिली, ही दुसरी. बहुतेक सरकारी रुग्णालयांत दुसरी बाजूच भरते. ते शिक्षण नव्हे, रिकाम्या पदांची भरपाई आहे. चतुर्थ श्रेणीची भरती होत नाही, तंत्रज्ञ कमी, क्लार्क नाही, आणि विद्यावेतनावर चोवीस तास हाताशी असलेली मुलं आहेत. प्रशासनाच्या दृष्टीने हा सौदा स्वस्त आहे. याला ‘घडवणं’ म्हणतात तेव्हा मला राग येतो.

यातलं थोडं तू आजही कमी करू शकतेस. योजनेच्या कागदांसाठी रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. कागद भरायला लागण्याआधी त्यांना बोलव, नंतर नाही. सॅम्पल ठरावीक वेळी एकत्र पाठवायची पद्धत तुझ्या बरोबरीच्या जेआर-वनशी बोलून लाव, दोघांची एक-एक फेरी वाचते. डिस्चार्ज कार्ड पेशंट जायच्या सकाळी लिहायला घेऊ नकोस, भरती केल्याच्या रात्रीच वरचा अर्धा भाग लिहून ठेव. हॅंडओव्हर तोंडी नको, कागदावर हवा: कोण गंभीर, कुणाचे कोणते रिपोर्ट यायचेत, रात्री काय बिघडू शकतं. एवढ्याने छत्तीसचे चोवीस होणार नाहीत. पण मध्ये दीड-दोन तासांची झोप निघेल, आणि पहाटे चारला ती झोप सोन्यासारखी असते.

तासांविषयी नियम काय म्हणतात, तेही माहीत असू दे. केंद्र सरकारच्या १९९२ सालच्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम शक्यतो १२ तासांपेक्षा जास्त नको आणि आठवड्याला ४८ तास, असं लिहिलेलं आहे. हसू नकोस, खरंच लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत तासांचा आकडाच नाही. रेसिडेंटने वाजवी तास काम करावं, त्याला विश्रांतीला वाजवी वेळ मिळावा, एवढंच आहे. मात्र वर्षाला २० दिवसांची किरकोळ रजा, ५ दिवसांची शैक्षणिक रजा आणि कामाची निकड पाहून आठवड्याला एक सुटी, हे त्यात स्पष्ट आहे. मघाशी सांगितलेल्या २०२४ च्या अहवालाने आठवड्याला ७४ तासांची शिफारस केली. म्हणजे आकड्यांची आपल्याकडे कमी नाही, ते ड्यूटी लिस्टपर्यंत येत नाहीत इतकंच.

‘आमच्या वेळी आम्ही अठ्ठेचाळीस तास काढायचो’ हे तुला ऐकवलं जातच असेल. ही सगळी पद्धत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून आली. ते १८८९ साली उघडलं, आणि तिथे शल्यविशारद हॉल्स्टेड आणि फिजिशियन ऑस्लर यांनी शिकाऊ डॉक्टरांनी रुग्णालयातच राहायचं, असा पायंडा पाडला. अहोरात्र कामाची महती सांगताना ज्या हॉल्स्टेडचं नाव घेतलं जातं, त्याला आधी कोकेनचं आणि मग मॉर्फिनचं व्यसन होतं. राउंडवर हे सांगायची एक वेळ असते, आणि ती तुझ्या पहिल्या वर्षात येत नाही, म्हणून मनातच ठेव. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली अठरा वर्षांची एक मुलगी दाखल झाल्यानंतर काही तासांत गेली. तिच्यावर उपचार करणारे रेसिडेंट किती तास जागे होते आणि किती पेशंट सांभाळत होते, हा प्रश्न तिच्या वडिलांनी लावून धरला. त्यातून आधी त्या राज्यात आणि २००३ मध्ये अमेरिकेत सगळीकडे ८० तासांचा नियम आला. तो डॉक्टरांच्या कळवळ्याने आला नाही, पेशंटच्या बापाने आणला.

आता पनिशमेंट.

इथे मी फार समजूतदार होणार नाही. कार्डिअॅक अरेस्टच्या वेळी सिनिअर तुझ्यावर ओरडली, ‘बाजूला हो, अॅम्ब्यू दे’ म्हणाली, तर ते विसरून जा. तिथे कुणाकडे गोड बोलायला वेळ नसतो. राउंडवर रिपोर्ट माहीत नव्हता म्हणून बोलणी बसली, तर ती खा आणि रिपोर्ट पाठ कर. पण रात्रभर उभं करणं, शिक्षा म्हणून ड्यूट्या लावणं, युनिटच्या जेवणाचं बिल भरायला लावणं आणि बोलीची नक्कल करणं, हे रॅगिंग आहे. माझ्या मताने नव्हे, नियमाने. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांत ज्युनिअरवर जबरदस्तीने खर्च लादणं हे रॅगिंगच्या व्याख्येत बसतं, आणि २०१६ च्या दुरुस्तीने भाषा, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण, जात, आर्थिक परिस्थिती यांवरून केलेला त्रासही त्यात आला. वैद्यकीय महाविद्यालयांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे वेगळे नियम आहेत आणि ते पदव्युत्तरांनाही लागू आहेत. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९९९ पासून आहे; त्यात दोन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. २०१९ साली मुंबईत एका आदिवासी निवासी डॉक्टर तरुणीने जीव दिला आणि तिच्या सिनिअर्सवर गुन्हा नोंदवला गेला, तेव्हा सगळ्या कॉलेजांत समित्यांचे फलक नवे रंगवले गेले. तुझ्या कॉलेजातही असेल. त्यावरचे फोन नंबर चालू आहेत का, ते एकदा लावून पाहा.

आज रात्री तारीखवार लिहायला लाग. एक साधी वही कर: तारीख, वेळ, काय म्हटलं, कोण हजर होतं. जेवणाची बिलं तू यूपीआयने भरली असशील, तर तो पुरावा आपोआप तयार आहे. स्क्रीनशॉट काढून बाबांना किंवा बहिणीला पाठवून ठेव. ‘आज रात्री वॉर्डात उभी राहा’ असे मेसेज ग्रुपवर आले असतील तर तेही. मग युनिटमधल्या एखाद्या असोसिएट प्रोफेसरना भेट, ज्यांच्याशी तुझं त्यातल्या त्यात बोलणं होतं त्यांना. एकटी जाऊ नकोस; बरोबरीचा जेआर-वन सोबत घे, त्याचंही हेच चाललेलं असणार. तक्रार म्हणून सुरुवात नको, सरळ सांग: कामाला नाही म्हणत नाही, पण बिलं भरणार नाही आणि शिक्षेची ड्यूटी करणार नाही. अर्ध्या ठिकाणी एवढ्यानेच थांबतं, कारण सिनिअरांनाही आपला जेआर-थ्री सुरळीत पार पाडायचा असतो. नाही थांबलं तर मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेचे स्थानिक प्रतिनिधी, रॅगिंगविरोधी समिती, आणि चोवीस तास चालणारी १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन. तिथे नाव गुप्त ठेवायला सांगता येतं.

नापास करतील, ही भीती तू लिहिली नाहीस, पण ती असतेच. प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक असतात आणि लेखी परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, त्यामुळे ती भीती वाटते तेवढी खरी नाही. डूख धरला तर तो दिसतो ड्यूटी लिस्टमध्ये आणि थीसिसच्या सह्यांमध्ये. म्हणून सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) वेळेत दे, लॉगबुक दर आठवड्याला सही करून घे, गाइडशी झालेलं बोलणं ईमेलवर ठेव. कागद पूर्ण असलेल्या माणसाला अडवणं अवघड जातं.

आता सीट.

ती सोडण्यात लाज काही नाही. दरवर्षी मुलं सोडतात, पुढे दुसऱ्या शाखेत उत्तम काम करतात. पण पोस्ट-इमर्जन्सीच्या सकाळी घेतलेला निर्णय हा तुझा निर्णय नव्हे, तो ०.१० टक्क्यांचा निर्णय आहे. म्हणून आधी रजा. वीस दिवस तुझ्या हक्काचे आहेत; त्यातले चार-पाच मागून घे, आणि रजेत वाशिमला जा. पहिले दोन दिवस फक्त झोप आणि आईच्या हातचं जेवण. तिसऱ्या दिवशी विचार कर: सिनिअर चांगली असती आणि रात्री सहा तास झोप मिळाली असती, तर तुला मेडिसिनची ओपीडी आवडली असती का? डायबेटिसवाल्या आजीशी तीच-तीच पथ्यं बोलायला, ताप का उतरत नाही याचा चार दिवस छडा लावायला? ‘हो’ असेल तर तुझं भांडण शाखेशी नाही, ते दोन-तीन माणसांशी आणि एका ड्यूटी लिस्टशी आहे, आणि त्यासाठी सीट द्यायची गरज नाही. ‘नाही’ असेल, झोप होऊनही नाहीच असेल, तर मात्र सोड, आणि रेंगाळू नकोस.

सोडण्याआधी प्रवेशाच्या वेळी सही केलेला बाँड काढून वाच. सीट सोडण्याचा दंड, मूळ कागदपत्रं कधी परत मिळणार, पुढच्या वर्षीच्या समुपदेशनाला बसता येईल का, हे कोणत्या फेरीत आणि कोणत्या कोट्यातून प्रवेश घेतला यावर बदलतं. हा सीट सोडण्याचा बाँड काढून टाकावा, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना पत्राने सुचवलं होतं. तरी तुझ्यापुरतं तुझ्या सहीचाच कागद खरा. एमबीबीएस सरकारी कॉलेजातून केलं असेल तर त्या सेवेच्या बाँडचा हिशेबही त्यातच धर. आणि पुन्हा नीट-पीजी म्हणजे दोनशे प्रश्न, साडेतीन तास आणि परत एक वर्ष लायब्ररीत. ते करायची ताकद आत्ता, या अवस्थेत आहे का, हे स्वतःला विचार.

रेडिओलॉजीच्या मैत्रिणीबद्दल एकच सांगते. तिला संध्याकाळ मिळते, बरोबर. पण अंधाऱ्या खोलीत ओळीने ऐंशी सोनोग्राफ्या, वर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचे फॉर्म, आणि एका फॉर्मची रकाना-चूक झाली तर मशीनला सील. तिलाही विचार तिचं कसं चाललंय, ती तुला खरं सांगेल. तुलना करायची तर पूर्ण दिवसाशी कर.

राहायचं ठरवलंस तर पुढे काय दिसतं, तेही सांगते. पहिलं वर्ष सगळ्यांत वाईट. तिसऱ्या ते पाचव्या सत्रात कधीतरी तीन महिन्यांचा जिल्हा निवासी कार्यक्रम येतो, जिल्हा रुग्णालयात. काही मुलं त्याला वेळेचा अपव्यय म्हणतात. मला तो रेसिडेन्सीतला फार चांगला काळ वाटतो: निर्णय स्वतः घ्यावे लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी रात्री झोपही मिळते.

काही गोष्टी चटकन. हिपॅटायटिस-बीची लस घेतली असेलच, पण अँटीबॉडीची पातळी तपासली आहेस का? तपास. सुई टोचली तर राउंड संपायची वाट न पाहता एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्राला. एचआयव्ही टाळण्याचं औषध पहिल्या दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. टीबीच्या वॉर्डात एन-९५ शिवाय नको, आणि दोन आठवडे खोकला-वजन घटणं असेल तर स्वतःचा एक्स-रे काढ. रेसिडेंट दुसऱ्यांचे टीबी पकडतात आणि स्वतःचा अंगावर काढतात.

आणि ते ‘ज्युनिअर आले की सुटशील’. तुझी सिनिअर जेआर-वन असताना तिलाही हेच सांगितलं गेलं होतं, आणि ती जशी सुटली ते तू रोज बघतेस. तुझे ज्युनिअर येतील तेव्हा त्यांच्या पहिल्या इमर्जन्सीला त्यांना आधी जेवायला पाठव, एवढं जमलं तरी तुमच्या युनिटमध्ये ते पहिल्यांदाच घडलेलं असेल.

बाबांना सगळं सांग, पण फोनवर नको. शिक्षकाला ‘तीन वर्षं’ म्हणजे तीन शैक्षणिक वर्षं दिसतात. छत्तीस तास म्हणजे काय, ते त्यांना तुझा चेहरा पाहिल्याशिवाय कळणार नाही. त्यांच्यासमोर वही ठेव, त्यांना वाचू दे. जेवणाच्या बिलांची बेरीजही दाखव. महिन्याच्या पगारात घर चालवलेल्या माणसाला ती भाषा लगेच समजते.

रजेचा अर्ज युनिट हेडच्या नावे लिही, आवक क्रमांक घेऊन दुसरी प्रत स्वतःजवळ ठेव. पुढच्या इमर्जन्सीच्या आधी तो दिलेला असला पाहिजे. बाँडमधल्या एखाद्या कलमावर अडलीस तर ते कलम उतरवून मला पाठव, आपण बघू.

– तुझी,
मॅडम